गाडगेबाबांचे सोवळे

आषाढ शुद्ध एकादशी हे महाराष्ट्राचे महापर्व. पंढरीस जाणे ज्यांना घडत नाही, ते करवीरनगरीचे भाविक या दिवशी नंदवाळची वाट धरतात. पहाटेचे स्नान, भाळी गोपीचंदन, अंगावर धुवट धोतर-सदरा, मायभगिनींच्या अंगावर ठेवणीतले लुगडे आणि डोईवर तुळस, अशा थाटाने दिंडी निघते. देवाच्या भेटीस जाताना मनुष्य आपल्यापाशी जे उत्तम असेल ते नेसतो. ही रीत भक्तीच्या पोटी जन्मली आहे आणि ती जपण्याजोगी आहे यात संशय नाही.

परंतु आजच्या पर्वकाळी ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावयाचे योजिले आहे, ते सत्पुरुष पन्नास वर्षांहून अधिक काळ चिंध्या पांघरून वावरले. ते म्हणजे संत गाडगे महाराज. देवापुढे कोणत्या वेषाने उभे राहावे, या प्रश्नाचा निवाडा त्यांच्या चरित्राइतका स्पष्ट अन्यत्र क्वचितच सापडेल.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. नाव डेबूजी, पिता झिंगराजी जानोरकर, माता सखूबाई. कुळ परिटाचे. येथे क्षणभर थांबले पाहिजे. गावगाड्यात परीट हा बलुतेदार. साऱ्या गावाची वस्त्रे त्याच्या हातून निर्मळ व्हावयाची आणि देवाची पालखी निघाली की तिच्या वाटेवर पायघड्या घालण्याचा मानही त्याचाच. दुसऱ्याच्या वस्त्राचा मळ काढणे हा ज्या कुळाचा धर्म, त्या कुळात ही विभूती अवतरली. फाटके आणि मळके यांत अंतर आहे, फाटकेपण दैवाने येते आणि मळकेपण आळसाने, हे ज्ञान त्यांना ग्रंथ न वाचता लाभले असावे.

मद्याच्या व्यसनाने पित्याचा अकाली अंत झाला. मातेने लहानग्या डेबूला घेऊन दापुरे येथे भावाचे घर गाठले. तेथे गुरे राखावी, शेतात राबावे, रात्री भजनात बसावे, असे बालपण गेले. अक्षरओळख झाली नाही. पुढे विवाह झाला, संसार झाला. मुलीच्या बारशास जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाची पंगत घालण्याचे त्यांनी नाकारले आणि गोडाधोडाचे जेवण घातले. पुढच्या साऱ्या कार्याचे बीज त्या पंगतीत दिसते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले आणि अंगावर ठिगळांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, पायांत दोन तऱ्हांची पायताणे, एका हाती काठी आणि एका हाती मातीचे गाडगे, असा वेष धारण केला. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरताच कोणाशी न बोलता हाती खराटा घ्यावा, रस्ते आणि गटारे साफ करावीत आणि रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तनास उभे राहावे, असा क्रम सुरू झाला.

नारदीय गादीवर उभे राहणाऱ्या आम्हा हरिदासांना अंगरखा, उपरणे आणि पगडी परंपरेने लाभली आहे. बाबांच्या कीर्तनास यांपैकी काहीच नव्हते आणि तरीही श्रोत्यांचा सागर लोटत असे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत आणि त्या संवादातून अज्ञानाची एकेक गाठ सुटत जाई. कर्ज काढून सण करू नये, नवसासाठी मुक्या प्राण्याचा बळी देऊ नये, दारूस शिवू नये, शिवाशीव मानू नये, हे त्यांचे निरूपण. वस्त्राविषयीही ते बजावीत, की घरच्या लक्ष्मीस हलक्या किमतीचे लुगडे घ्यावे लागले तरी चालेल, पण लेकरू शाळेवाचून राहता कामा नये.

आता शास्त्राकडे वळू. धर्मशास्त्रात वस्त्राचा विचार बारकाईने केलेला आहे. नवे कोरे ते अहत वस्त्र, धुतलेले ते धौत वस्त्र. पूजेच्या वेळी एकवस्त्र असू नये, वर उत्तरीय असावे. फाटके, जळके वा मळके वस्त्र कर्मास वर्ज्य समजावे. आपल्या घरांतील मुकटा, कद आणि धाबळी ही याच विचाराची रूपे होत. मग चिंध्या नेसून हरिकथा सांगणारे बाबा शास्त्राबाहेर गेले काय?

याचे उत्तर शास्त्रातच आहे. मनुस्मृतीत स्नातकाचे नियम सांगताना जीर्ण आणि मळके वस्त्र नेसू नये असे म्हटले आहे खरे, पण त्यास ऐपत असेल तर, अशी अट जोडलेली आहे. ही अट लहान दिसते, पण साऱ्या नियमाचा प्राण तिच्यात आहे. ज्यास मिळते त्याने देवापुढे गबाळेपणाने जाऊ नये, एवढाच नियमाचा रोख. ज्यास मिळतच नाही त्याला दारातून परतविण्यासाठी तो केलेला नाही. बाबांनी आपली ऐपत समाजाच्या पायी वाहिली आणि ज्यांना धड वस्त्र नव्हते त्यांचाच वेष स्वतः घेतला.

ज्या काळी बाबा पंढरीस येत, त्या काळी आणखी एक दुःख चंद्रभागेच्या वाळवंटात उभे होते. कित्येक वारकरी नदीत स्नान करून, धुवट वस्त्र नेसून, शेकडो कोस चालून आलेले असत आणि तरीही जातीमुळे त्यांना महाद्वाराबाहेरच हात जोडावे लागत. त्यांच्या वस्त्रात कोणता मळ होता? १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर सर्वांस खुले झाले. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी या उपेक्षितांसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली होती. पुढे ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९४९ साली बाबा आजारी असताना डॉ. आंबेडकर दोन घोंगड्या घेऊन भेटीस गेले आणि कोणाचेही काही न घेणाऱ्या बाबांनी त्या स्वीकारल्या, असे सांगतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर वस्त्र घालणाऱ्याच्या अंगावर पडलेली ती प्रेमाची शालच होय.

नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा, ऋणमोचनास पूर्णेच्या काठी घाट, ठायी ठायी अन्नछत्रे, आंधळ्या-पांगळ्यांस व महारोग्यांस अन्नवस्त्र, असा हा संसार विस्तारला. स्वतःसाठी मात्र त्यांनी काही ठेवले नाही. आपल्या जिल्ह्यातील कुंभोज गावी जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशी त्यांचा जिव्हाळा होता. कर्मवीरांनी १९५४ साली कराड येथे काढलेल्या महाविद्यालयास बाबांचेच नाव दिले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांचे नाव विद्यामंदिरावर झळकले आणि पुढे अमरावतीच्या विद्यापीठानेही ते धारण केले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीस जात असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला.

अलीकडे मंदिरांतील वेषाची चर्चा वारंवार होते. देवदर्शनास अंगभर, सभ्य वस्त्रांत जावे हे सांगणे योग्यच आहे. सहलीस जाण्याचा वेष आणि देवापुढे जाण्याचा वेष यांत विवेक हवा. पण तो विवेक घरच्या वडीलधाऱ्यांनी मायेने शिकवावा आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या, विटक्या लुगड्यातल्या म्हातारीकडे पाहून नाक मुरडण्यापर्यंत त्याची मजल जाऊ नये.

म्हणून या एकादशीस धुवट वस्त्र अवश्य नेसावे. वाटेत कचरा दिसला तर ते वस्त्र सावरून दूर न होता खाली वाकावे. घरातील ठेवणीतले एखादे लुगडे, एखादे धोतर, धुऊन, घडी घालून, ज्याला नाही त्याच्या हाती सन्मानाने द्यावे. ते नेसून तोही आपल्या शेजारी दिंडीत उभा राहिला, म्हणजे आपले सोवळे पूर्ण झाले असे समजावे. पांडुरंग आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो.