तीन महिन्यांची उमेदवारी

वाचकहो, फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच, हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या रांगांमधून रात्री फिरणारी शुश्रूषिका आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. शाळेतील पाठ्यपुस्तकापासून रुग्णालयाच्या भिंतीवरील तसबिरीपर्यंत आपण तिचे हेच चित्र पाहत आलो आहोत. परंतु त्या दिव्याच्या तीन वर्षे आधी ही श्रीमंत घराण्यातील विदुषी जर्मनीतील एका लहानशा गावी शिकाऊ सेविका म्हणून राहिली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या वेळी तिचे वय एकतीस वर्षांचे होते. तिच्या दीर्घ आयुष्यातील या तीन महिन्यांकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे. कारण पुढे जे घडले त्याचा पाया तेथे घातला गेला.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला आणि त्या शहराचेच नाव तिला मिळाले. वडील विल्यम नाइटिंगेल हे धनवान व विद्याव्यासंगी गृहस्थ होते. इंग्लंडमध्ये डर्बीशायर आणि हॅम्पशायर या दोन परगण्यांत त्यांचे प्रशस्त वाडे होते. मुलींना घरी त्यांनी स्वतःच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविले. थोरली बहीण पार्थेनोपी घरकाम, चित्रकला व पाहुण्यांच्या सरबराईत रमली. धाकटीला मात्र गणिताची व आकड्यांची ओढ लागली. सुस्थळी विवाह आणि मेजवान्यांनी भरलेले आयुष्य, एवढीच अपेक्षा आईने दोघींकडून ठेवली होती.

७ फेब्रुवारी १८३७ रोजी, सतराव्या वाढदिवसाला तीन महिने उरले असता, परमेश्वराने आपल्याला त्याच्या सेवेस बोलाविले आहे, अशी फ्लॉरेन्सची खात्री झाली. मात्र ती सेवा कोणती, हे तिला तेव्हा उमगले नव्हते. खेड्यातील आजारी गरिबांच्या झोपड्यांतून ये-जा करता करता काही वर्षांनी तिला उत्तर सापडले. रोग्यांची शुश्रूषा हेच आपले पाचारण होय, हे तिने ओळखले. आणि त्याबरोबरच आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानी आली. रोग्याच्या उशाशी बसून डोळ्यांत पाणी आणणे निराळे, आणि त्याची जखम नीट बांधता येणे निराळे. दया तिच्यापाशी भरपूर होती, विद्या नव्हती.

ती विद्या मिळविण्यासाठी १८४५ साली तिने घराजवळच्या सॉल्सबरी येथील रुग्णालयात काही महिने राहून शिकण्याची परवानगी मागितली. घरात जणू वीज कोसळली. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालये घाण व दुर्गंधी यांनी भरलेली असत, आणि तेथील परिचारिकांची ख्याती मद्यपानाबद्दल व बेशिस्तीबद्दल होती. अशा ठिकाणी कुलीन कन्येने जाणे आईला व बहिणीला असह्य वाटले. परवानगी मिळाली नाही. दिवसा पाहुण्यांशी बोलावयाचे आणि पहाटे थंडीत मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे सरकारी अहवाल वाचून टिपणे काढावयाची, असा तिचा क्रम सुरू झाला. १८४९ साली एका सुविद्य व तिला आवडणाऱ्या तरुणाची मागणीही तिने नाकारली. १२ मे १८५० रोजी, तिसाव्या वाढदिवशी, प्रभू येशूने याच वयात आपल्या कार्यास आरंभ केला, अशी नोंद तिने रोजनिशीत केली. तिचे स्वतःचे कार्य मात्र अजून सुरूच झाले नव्हते!

वाट उघडली ती जर्मनीतून. ऱ्हाइन नदीकाठी ड्युसेलडोर्फजवळ कायझर्सवेर्थ नावाचे गाव आहे. तेथे थिओडोर फ्लिडनर नावाचे तरुण पाळक १८२२ साली एका लहानशा प्रॉटेस्टंट मंडळीत आले. गावातील कापडाचा कारखाना बुडाल्याने मंडळी कंगाल झाली होती. मंडळीसाठी वर्गणी गोळा करीत हिंडताना त्यांनी हॉलंड व इंग्लंड येथील सेवाकार्ये डोळ्यांखालून घातली. १८३३ साली तुरुंगातून सुटलेल्या एका निराधार स्त्रीला त्यांनी व त्यांच्या पत्नी फ्रीडरिक यांनी आपल्या बागेतील लहानशा घरात आसरा दिला. तेथून वाढत वाढत १८३६ साली सेविकांची संस्था व रुग्णालय उभे राहिले. आद्य मंडळीतील फिबीसारख्या सेविकांचे पद फ्लिडनरांनी पुन्हा जिवंत केले. त्या सेविका रोग्यांची शुश्रूषा करीत, अनाथ मुले सांभाळीत, तान्ह्यांची शाळा चालवीत आणि तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांना आधार देत.

या संस्थेचा वार्षिक अहवाल फ्लॉरेन्सच्या हाती १८४६ साली पडला होता. १८५० च्या उन्हाळ्यात प्रवासातून परतताना तिने तेथे सुमारे दोन आठवडे मुक्काम केला आणि संस्थेविषयी एक पुस्तिका लिहिली. तिचे हे पहिले छापील लिखाण १८५१ साली लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बहिणीच्या प्रकृतीसाठी आई व बहीण कार्ल्सबादला गेल्या. ती संधी साधून जुलैमध्ये फ्लॉरेन्स कायझर्सवेर्थला आली व ऑक्टोबरपर्यंत तेथे राहिली. ही गोष्ट बाहेर कोणालाही कळू देऊ नये, अशी आईची सक्त ताकीद होती.

वाचकहो, तेथील दिनक्रम पाहा. पहाटे पाच वाजता उठावयाचे. पावणेसहाला न्याहारी. अकराला रोग्यांचे जेवण, बाराला सेविकांचे. दुपारी दोन-तीनच्या सुमारास दळलेल्या रायधान्याचे चहासारखे पेय, सायंकाळी सातला रात्रीचे भोजन. दिवसातून चार वेळा खाणे, आणि प्रत्येक वेळेस दहा मिनिटे. आपले कपडे धुण्यास टाकण्यासही कित्येक दिवस सवड मिळत नसे. ज्या मुलीच्या घरी हाताखाली नोकरचाकर होते, ती आता शेतकऱ्यांच्या मुलींच्या बरोबरीने रोग्यांच्या जखमा धूत होती, मरणोन्मुख माणसाजवळ बसत होती, एका शस्त्रक्रियेच्या वेळी पाय कापला जात असता शेजारी उभी होती. पगार नव्हता, पदवी नव्हती, घरी जाऊन सांगण्याची सोय नव्हती. आणि तरीही तिने आईला लिहिले की आपण येथे मनापासून सुखी आहोत. आईने आशीर्वाद द्यावा, एवढीच तिची विनंती होती.

कायझर्सवेर्थला फ्लॉरेन्स काय शिकली? येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे, कारण ती स्वतः प्रामाणिक राहिली. वृद्धापकाळी तिने स्पष्ट लिहून ठेवले की तेथील शुश्रूषेचे तंत्र यथातथाच होते आणि स्वच्छता तर वाईटच होती. परंतु इतकी निर्मळ भक्ती व इतकी उदात्त वृत्ती आपण अन्यत्र पाहिली नाही. समर्पण एका ठिकाणी मिळाले होते, तंत्र दुसरीकडे शोधावयाचे होते. म्हणून १८५३ साली ती पॅरिसला गेली व तेथील रुग्णालये तिने पाहिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची व्यवस्था तिने विनावेतन पत्करली. सर्व पंथांच्या, किंबहुना यहूदी स्त्रियांनाही प्रवेश मिळावा, या अटीवर ती अडून बसली. मजल्यामजल्यावर गरम पाणी, जेवण वर नेण्यास यांत्रिक पाळणा, रोग्याच्या हाताशी घंटा, अशा साध्या सोयी तिने करवून घेतल्या.

१८५४ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिमियन युद्धातील जखमींच्या हालांची बातमी इंग्लंडला पोहोचली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी तिला बोलाविले, आणि ३८ स्त्रियांसह ती २१ तारखेला निघाली. त्यांत रोमन कॅथोलिक व अँग्लिकन धर्मभगिनी होत्या, तशाच रुग्णालयांतील पगारी परिचारिकाही होत्या. ४ नोव्हेंबरला त्या कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुतारी येथे उतरल्या. डॉक्टरांना ही मंडळी नको होती. फ्लॉरेन्सने आज्ञा दिली की डॉक्टर बोलावीपर्यंत कोणीही कक्षात पाऊल टाकू नये. तोपर्यंत उशा शिवाव्यात, पट्ट्या तयार कराव्यात. जखमींचा लोंढा आला आणि काही दिवसांतच डॉक्टरांनी आपण होऊन हाक मारली. हाताखाली काम करण्याची सवय जिने लावून घेतली होती, तिलाच हा संयम साधला.

तरीही त्या हिवाळ्यात सैनिक मरतच राहिले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले. अखंड जागरण, पोषक अन्न, स्वच्छ चादरी, सारे होते. पण इमारतीखाली गटारे तुंबली होती व पाणी दूषित होते. मार्चमध्ये सरकारने पाठविलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ करविली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञासह तिने हे आकडे तपासले, तेव्हा बहुसंख्य मृत्यू टाळता आले असते, हे सत्य तिच्या जिव्हारी लागले. जगाने तिला देवदूत ठरविले होते. ती मात्र हिशेबाच्या वह्या उघडून बसली.

त्या वेदनेतून शाळा जन्मास आली. जनतेने तिच्या गौरवार्थ सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमविला. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. पहिल्या तुकडीत १५ उमेदवार होत्या. शिक्षण एक वर्षाचे; राहणे, जेवण व गणवेश संस्थेकडून, वर वर्षाला १० पौंड. मुख्य परिचारिका श्रीमती वॉर्डरोपर दरमहा प्रत्येकीच्या नावे तक्ता भरीत. त्यात मलमपट्टी व रोग्याची हालचाल करविण्याचे कौशल्य जसे नोंदले जाई, तसाच वक्तशीरपणा, टापटीप व सचोटीही. समर्पण आणि तंत्र प्रथमच एका छपराखाली आले. कायझर्सवेर्थ व सेंट थॉमस या दोन्ही ठिकाणी शिकलेली अ‍ॅग्नेस जोन्स हिने १८६५ पासून लिव्हरपूलच्या दरिद्री लोकांच्या रुग्णालयात क्रांती घडविली आणि १८६८ साली तेथेच टायफसने प्राण ठेवला.

आपल्या देशाशीही फ्लॉरेन्सचे नाते होते. ती भारतात कधी आली नाही. १८५७ नंतर बहुतेक काळ ती आजारी होती. परंतु अंथरुणावरूनच तिने येथील लष्करी छावण्यांच्या आरोग्याचे कागद तपासले. १८६३ च्या राजआयोगाच्या अहवालात येथील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ नोंदला गेला. सुधारणांनंतर, दहा वर्षांनी, तो १८ वर आल्याचे तिने लिहिले. पुढे तिचे लक्ष खेड्यांतील पाणी, दुष्काळ व कुळांच्या दैन्याकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ती निवर्तली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतील दफनाचा मान कुटुंबाने नाकारला, आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो येथील साध्या दफनभूमीत तिला ठेवण्यात आले. तिच्या स्मृतिशिलेवर केवळ नावाची आद्याक्षरे व जन्म-मृत्यूची नोंद आहे.

प्रिय वाचका, तू कदाचित तरुण असशील, सुटीचे काही महिने एखाद्या रुग्णालयात, अनाथाश्रमात किंवा मदतकार्यात द्यावेत, असा विचार तुझ्या मनी असेल. तेथे तुला कदाचित केवळ झाडू मिळेल, नोंदवही मिळेल, थांबण्याची आज्ञा मिळेल. ती कमीपणाची मानू नकोस. जेथे शिकशील तेथील चांगुलपणा कृतज्ञतेने घे, आणि तेथील उणीवही डोळे उघडे ठेवून पाहा. तू माता किंवा पिता असशील, तर मुलीच्या ओढीपुढे घराची प्रतिष्ठा उभी करण्यापूर्वी सॉल्सबरीच्या त्या नकाराची आठवण ठेव. त्यात सहा वर्षे गेली. आणि एखाद्या संस्थेची धुरा तुझ्या खांद्यावर असेल, तर दारी आलेल्या उमेदवाराकडून नुसते काम करून घेऊ नकोस, त्याला शिकव. रोग्याला आपली कळकळ कळते खरी. पण त्याचा जीव स्वच्छ पाण्याने व शिकलेल्या हातांनी वाचतो. कळकळ देवाने दिली असेल, तर हात शिकविणे हे आपले कर्तव्य आहे.