डॉ. रखमाबाई आणि नांदावयास जाण्याचा हुकूम

सन १८८७ च्या मार्च महिन्यांत मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति फॅरन यांनीं एका बावीस वर्षांच्या बाईस हुकूम केला कीं, महिन्याभरांत नवऱ्याच्या घरीं नांदावयास जावें, नाहींतर सहा महिने तुरुंग भोगावा. बाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. मालवण-वेंगुर्ल्याकडील आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस रखमाबाईंचें नांव ऐकून ठाऊक असेल. परंतु त्या खटल्यांतील कायद्याची बाजू थोड्यांसच माहीत आहे, आणि आमच्या मतें खरी मेख तेथेंच आहे.

रखमाबाईंचा जन्म मुंबईस सुतार ज्ञातींत सन १८६४ च्या नोव्हेंबरांत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. ज्ञातींत पुनर्विवाहाची मोकळीक असल्यामुळें आई जयंतीबाई यांनीं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं विवाह केला, व पहिल्या यजमानांची मिळकत मुलीच्या नांवें करून दिली. अकराव्या वर्षीं मुलीचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं लागलें. ती आईच्याच घरीं राहिली, वाचूं लागली, विचार करूं लागली. इकडे दादाजी विद्या सोडून मामाच्या आश्रयानें राहिले. सन १८८४ त त्यांनीं नांदावयास येण्याविषयीं दावा लाविला.

न्यायमूर्ति पिन्ही यांनीं सन १८८५ त तो काढून टाकला. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, असला दावा हिंदु धर्मशास्त्रांत नाहींच; तो इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मकोर्टांतून येथें आणला गेला आहे. अपिलांत मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ति बेले यांनीं हा निकाल फिरविला. गंमत अशी कीं, असल्या हुकुमासाठीं तुरुंगांत घालण्याची चाल खुद्द इंग्लंडानें सन १८८४ तच बंद केली होती. म्हणजे धर्म बुडाला म्हणून ओरड करणारे आमचे देशबांधव इंग्रजांनीं टाकून दिलेलें जोखड हिंदुधर्म समजून उराशीं धरीत होते! लोकमान्य टिळकांनींही लेखणी रखमाबाईंच्या विरुद्ध चालविली. लोकमान्यांविषयीं आमची भक्ति अढळ आहे. पण ते स्वतः कायद्याचे पदवीधर होते, आणि येथें ते चुकले, हें स्वराज्याच्या पुरस्कर्त्यांनींच आधीं म्हटलें पाहिजे. सन १८९१ त संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला, तेव्हां मालवणांत जन्मलेल्या डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं धर्मशास्त्रांतूनच त्यास आधार काढून दिला, ही गोष्ट या किनाऱ्यानें विसरूं नये.

महाराणी व्हिक्टोरियानें हा विवाह मोडला, अशी एक दंतकथा सांगतात. ती खोटी आहे. सन १८८८ त दादाजींस दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, एवढेंच. पुढें रखमाबाई विलायतेस गेल्या, सन १८९४ त वैद्यकी पुरी केली, आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत सुमारें पस्तीस वर्षें बाळंतिणींच्या व आजारी बायकांच्या उशाशीं उभ्या राहिल्या. सन १९२९ त पडद्याच्या चालीविरुद्ध त्यांनीं पुस्तिका लिहिली. सन १९०४ त दादाजी वारले तेव्हां त्यांनीं विधवेचें पांढरें वस्त्र घेतलें. कित्येकांस यांत विसंगति दिसते. आम्हांस दिसत नाहीं. त्यांचें भांडण रीतीशीं नव्हतें, सक्तीशीं होतें. स्वखुशीनें पांढरें नेसणें निराळें, आणि बेलिफानें धरून नांदावयास नेणें निराळें.

असल्या हुकुमांपायीं तुरुंगांत घालण्याचा अधिकार आमच्या दिवाणी कायद्यांतून सन १९२३ त गेला. हिंदु विवाह कायदा १८ मे १९५५ रोजीं अमलांत आला व त्यानें हिंदु स्त्रीस घटस्फोटाचा हक्क दिला. रखमाबाईंचें देहावसान त्याच वर्षीं २५ सप्टेंबरास, नव्वदाव्या वर्षीं झालें. मात्र दादाजींनीं लाविला तसला दावा लावण्याची वाट त्याच कायद्याच्या नवव्या कलमांत अजून उघडी आहे. तुरुंग नाहीं, पण न जाणाऱ्याच्या मिळकतीवर जप्ती येऊं शकते.