वाटी-चमच्याचे माप

‘रुचिरा’कार कमलाबाई ओगले यांचा जन्म १९१३ मध्ये कुंडल येथे झाला. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. पाकशास्त्राचे खरे शिक्षण लग्नानंतर सांगलीत, सासूबाईंच्या हाताखाली झाले. त्या काळी माप डोळ्यांत आणि बोटांत असे. अंदाजाने घाल, एवढे ऐकून नवखी सून गोंधळून जाई. कमलाबाईंनी तो अंदाज वाटी-चमच्यात बांधला. तराजू किती घरांत असणार? वाटी मात्र सर्वत्र होती, आणि सारे जिन्नस एकाच वाटीने मोजले की ती लहान असो वा मोठी, प्रमाण ढळत नाही. १९७० साली ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले आणि आई-सासूवाचून परमुलखात संसार मांडणाऱ्या मुलींना हाताशी गुरू मिळाला. १९९९ मध्ये कमलाबाई निवर्तल्या. पुस्तकाच्या आवृत्त्या निघतच राहिल्या.