व्याकरणकार रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर

आपल्या ज्ञातीच्या घरोघरी आज एकच चिंता आढळते. मुलास इंग्रजी चांगले यावे, आणि तेही लवकर यावे. या चिंतेपोटी कित्येक पालक मुलाच्या हातचे मराठी पुस्तक काढून घेतात. अशा वेळी ज्यांनी इंग्रजी व्याकरण अभ्यासून मराठीचे व्याकरण रचले आणि पुढे मराठी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी व्याकरणाची पायरीही बांधून दिली, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईस झाला. वसईजवळील तर्खड हे घराण्याचे मूळ गाव. आरंभीचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत झाल्यावर ते मुंबईच्या इंग्रजी शाळेत गेले. त्या काळी लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण शाळांतून प्रमाण मानले जाई. शब्दांच्या जाती, लिंग, वचन, विभक्ती, काळ यांची तेथील मांडणी दादोबांनी नुसती पाठ केली नाही. तीच दृष्टी त्यांनी आपल्या मातृभाषेकडे वळविली. विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण लिहिले होते, परंतु ते इंग्रजीत. दादोबांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. या ग्रंथामुळेच लोक त्यांस मराठीचे पाणिनी म्हणू लागले. इंग्रजी साच्याची छाया त्यावर पडली, असा आक्षेप पुढील विद्वानांनी घेतला, व तो सर्वस्वी खोटा नाही. तथापि पहिली वाट पाडणाऱ्याने दुसऱ्याची कुऱ्हाड उसनी घेतली, तरी वाट त्याचीच म्हणावी लागते.

दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याचा उपयोग काय, हे जन्मभर शाळेत घालविलेल्या आमच्यासारख्यास विशेष जाणवते. 'वाघाने शिकाऱ्याला मारले' आणि 'शिकाऱ्याला वाघाने मारले' या दोन्ही वाक्यांत मेला तो शिकारीच. प्रत्यय कर्त्याला व कर्माला ओळख देतात, म्हणून शब्द कोठेही बसले तरी चालते. इंग्रजीत नामांना अशी ओळख नाही. तेथे जागा हीच ओळख. 'द टायगर किल्ड द हंटर' यातील दोन नामांची अदलाबदल केली, तर शिकारी वाचतो आणि वाघ मरतो. तसेच लिंगाचे. मराठीत खुर्ची ती आणि पलंग तो. इंग्रजीत दोन्ही 'इट'. ज्या मुलास मराठीतील कर्ता, कर्म व क्रियापद ओळखता येते, त्यास हा भेद एका तासात कळतो. ज्यास ते येत नाही, तो नियम घोकतो, आणि उताऱ्यावरील पहिल्याच प्रश्नाला, कोणी कोणास काय केले यालाच, अडखळतो.

१८४० नंतर दादोबा सुरतेस इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तेथे १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आदी मित्रांसह त्यांनी मानवधर्मसभा काढली. मुंबईस परतल्यावर शिक्षक तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. १८४८ साली निघालेल्या उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे ते पहिले अध्यक्ष झाले. आणि १८४९ साली परमहंस मंडळी स्थापन झाली, तिच्या प्रमुखांत तेही होते. ही मंडळी जातिभेद मानीत नसे व गुप्तपणे सहभोजन करी. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्ञातिसंघाने मुलांच्या शिक्षणास हात द्यावा. इतरांपासून दूर राहण्याची शिकवण मात्र देऊ नये.

१८५२ साली दादोबा आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरास, डेप्युटी कलेक्टर म्हणून आले. भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. आज त्या बंडाकडे आपण निराळ्या दृष्टीने पाहतो, हे नमूद करणे अवश्य आहे. परंतु कचेरीच्या कामातही त्यांची लेखणी थांबली नाही. १८५७ साली विधवाविवाहाच्या बाजूने 'विधवाश्रुमार्जन' निघाले, आणि १८६० साली 'इंग्रजी व्याकरणाची पूर्वपीठिका'. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास पूर्वतयारी लागते, हे या पुस्तकाच्या नावातच आले आहे. पुढे घरोघरी गाजलेली भाषांतर पाठमाला मात्र द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची. आडनावावरून पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून येथे सांगितले.

या घराण्यात विद्या एकट्याची नव्हती. धाकटे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे संस्थापक. विलायतेस जाण्यापूर्वी १८७८ साली रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी संभाषणाच्या सरावासाठी त्यांच्याच घरी राहिले, आणि आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा हिने त्यांस तो सराव दिला. जगन्मान्य कवीसही परभाषा बोलून बोलूनच साधावी लागली.

दादोबांनी आपल्या व्याकरणास अखेरपर्यंत हातावेगळे केले नाही. आवृत्तीगणिक ते त्यात भर घालीत गेले, आणि १८८१ साली त्याची पूरणिका प्रसिद्ध झाली. बाविसाव्या वर्षी जे लिहिले, त्यातील उणे सदुसष्टाव्या वर्षीही ते भरून काढीत होते. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले, हे चांगलेच झाले. पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, रोज सायंकाळी मुलाकडून पाच मराठी वाक्यांतील कर्ता व कर्म काढवून घ्यावे, मग तीच वाक्ये इंग्रजीत लिहवून घ्यावी, आणि शब्द कोठे सरकले ते त्यास विचारावे. यास पैसा लागत नाही. घरातील वडील माणसाने अर्धा तास जवळ बसावे लागते.