वैद्यकीय ज्ञानाचे सूचीकार : डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाला शस्त्रक्रियेचा लाभ होईल का, असा प्रश्न आज एखाद्या डॉक्टरसमोर उभा राहिला, तर संगणकावर 'पबमेड'मध्ये दोन-चार शब्द टाइप करणे पुरेसे असते. काही क्षणांत जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतील शेकडो शोधनिबंधांची नोंद पडद्यावर उमटते. साडेतीन कोटींहून अधिक नोंदी असलेल्या या भांडाराचे मूळ एकोणिसाव्या शतकातील एका लष्करी शल्यविशारदाच्या कष्टांत आहे. डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज हे त्यांचे नाव. विशेष म्हणजे त्यांच्या कार्याचा उगमही अपस्मारावरील शस्त्रक्रियेच्या याच प्रश्नातून झाला.

बिलिंग्ज यांचा जन्म १२ एप्रिल १८३८ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वाचनाची ओढ त्यांना बालपणापासूनच होती. ओहायोतील मायामी विद्यापीठातून १८५७ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी सिनसिनाटी येथील मेडिकल कॉलेज ऑफ ओहायोमध्ये प्रवेश घेतला. आर्थिक ओढाताण सोसत त्यांनी १८६० मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले.

पदवीसाठी प्रबंध लिहिणे आवश्यक होते. बिलिंग्ज यांनी अपस्मारावरील शस्त्रक्रिया हा विषय निवडला. अशा शस्त्रक्रिया आजवर किती झाल्या, किती रुग्ण बरे झाले आणि किती दगावले, याची आकडेवारी त्यांना हवी होती. ती कोठेही एकत्रित उपलब्ध नव्हती. सिनसिनाटी, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतील सार्वजनिक आणि खासगी ग्रंथसंग्रह धुंडाळण्यात त्यांचे सुमारे सहा महिने गेले. तरीही आवश्यक असलेले अनेक ग्रंथ अमेरिकेत मिळालेच नाहीत. माहिती छापली गेली आहे, पण ती कोणत्या ग्रंथात आणि कोणत्या पानावर आहे हे सांगणारे साधन नाही, ही उणीव त्यांना तीव्रतेने जाणवली. ज्या अनुभवाचा शोध लागत नाही, तो रुग्णाच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो, ही जाणीव पुढे त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवणारी ठरली.

तथापि, त्या दिशेने पाऊल टाकण्यापूर्वीच यादवी युद्धाला तोंड फुटले. १८६२ मध्ये बिलिंग्ज सैन्यात साहाय्यक शल्यविशारद म्हणून रुजू झाले. १८६३ मधील चॅन्सलर्सव्हिल आणि गेटिसबर्ग येथील घनघोर लढायांत त्यांनी रणांगणाजवळच्या रुग्णालयांत जखमी सैनिकांवर अहोरात्र उपचार केले. १८६४ च्या अखेरीस त्यांची बदली वॉशिंग्टन येथील सर्जन जनरलच्या कार्यालयात झाली आणि तेथील लहानशा ग्रंथालयाची जबाबदारी लवकरच त्यांच्याकडे आली.

त्या वेळी या ग्रंथालयात सुमारे दोन हजार ग्रंथ होते. युद्ध संपल्यावर लष्करी रुग्णालयांच्या निधीतील शिल्लक रक्कम ग्रंथालयाला मिळाली आणि बिलिंग्ज यांनी ग्रंथखरेदीचा सपाटा लावला. देशोदेशीच्या डॉक्टरांना, संपादकांना आणि संस्थांना ते पत्रे पाठवत, जुने अंक मागवत, जादा प्रतींची देवाणघेवाण करत. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर १८६५ मध्ये जेथे गोळी झाडण्यात आली, त्या फोर्ड नाट्यगृहाच्या इमारतीत हे ग्रंथालय कित्येक वर्षे होते. १८८७ मध्ये ते नव्या इमारतीत गेले. बिलिंग्ज १८९५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ग्रंथसंख्या १ लाख १६ हजारांवर पोहोचली होती.

मात्र ग्रंथ जमवले म्हणजे उत्तर सापडतेच असे नाही, हे त्यांना आपल्या प्रबंधाच्या वेळीच उमगले होते. म्हणून ग्रंथांबरोबरच नियतकालिकांतील प्रत्येक महत्त्वाच्या लेखाचीही नोंद विषयवार करण्याचा त्यांनी निश्चय केला. दिवसाचे कामकाज आटोपल्यावर ते नियतकालिकांचे गठ्ठे घरी नेत आणि नोंद घ्यावयाच्या लेखांवर पेन्सिलीने खुणा करत. त्या खुणांनुसार कारकून एकेका लेखाची माहिती स्वतंत्र कार्डावर उतरवून घेत. मूळचे इंग्लंडचे डॉ. रॉबर्ट फ्लेचर १८७६ पासून या कामात त्यांचे सहकारी झाले. त्याच वर्षी सूचीचा नमुना प्रसिद्ध करण्यात आला आणि १८८० मध्ये 'इंडेक्स कॅटलॉग'चा पहिला खंड बाहेर पडला. पहिल्या मालिकेचे १६ खंड पूर्ण होण्यास १८९५ साल उजाडले.

या काळात नवे संशोधन थांबून राहणार नव्हते. एखाद्या विषयाचा खंड छापून होईपर्यंत त्यावर नवे लेख प्रसिद्ध होत. त्यामुळे जानेवारी १८७९ पासून बिलिंग्ज आणि फ्लेचर यांनी 'इंडेक्स मेडिकस' हे मासिक सुरू केले. जगभर नव्याने प्रसिद्ध होणाऱ्या वैद्यकीय लेखनाची विषयवार सूची त्यात दर महिन्याला दिली जाई. एकाच रोगाला निरनिराळे डॉक्टर निरनिराळ्या नावांनी संबोधत आणि लेख अनेक भाषांत असत. ते सारे एका विषयाखाली आणल्याशिवाय शोधणाऱ्याच्या हाती काही लागणे कठीण होते. आजच्या वैद्यकीय माहितीसाठ्यांत ठरावीक विषयशीर्षके वापरली जातात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

आपल्या सूचीची मर्यादाही बिलिंग्ज ओळखून होते. १८८१ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्यांनी वैद्यकीय साहित्याचा परखड आढावा घेतला. प्रसिद्ध होणाऱ्या लेखनातील मोठा भाग पुनरुक्तीचा आणि अल्प मोलाचा असतो, असे त्यांचे मत होते. सूची लेखापर्यंत नेऊन सोडते, त्यातील पुरावा किती भक्कम आहे हे वाचणाऱ्यालाच पारखावे लागते. ही पारख पद्धतशीरपणे करण्याचा आग्रह ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी १९७२ मध्ये मांडला आणि त्यांच्या नावाची संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्या आढाव्यांची सुरुवातही सूचीतील शोधापासूनच होते.

बिलिंग्ज यांचे कर्तृत्व ग्रंथालयापुरते मर्यादित नव्हते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा आराखडा त्यांचा होता. १८८९ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या मुख्य वैद्याचे पद डॉ. विल्यम ऑस्लर यांना त्यांनी समक्ष भेटून देऊ केले आणि अवघ्या काही मिनिटांत त्यांचा होकार मिळवला. १८८० आणि १८९० च्या जनगणनेत जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचे काम त्यांच्याकडे होते. आकडेमोडीसाठी यंत्र वापरता येईल, ही कल्पना त्यांनी तरुण अभियंते हर्मन हॉलरिथ यांना सुचवली. हॉलरिथ यांनी छिद्रे पाडलेल्या कार्डांवर चालणारे यंत्र तयार केले आणि १८९० च्या जनगणनेत ते वापरले गेले. हॉलरिथ यांची कंपनी पुढे ज्या उद्योगसमूहात विलीन झाली, त्यालाच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव मिळाले. वैद्यकीय सूची आणि संगणक या दोन्हींच्या आरंभाशी अशा रीतीने एकाच व्यक्तीचा संबंध आला.

निवृत्तीनंतर १८९६ मध्ये ते न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचे पहिले संचालक झाले. फिफ्थ ॲव्हेन्यूवरील भव्य इमारतीची मूळ रूपरेषा त्यांनीच आखली होती. १९११ मध्ये ती वाचकांसाठी खुली झाल्याचे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. ११ मार्च १९१३ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मासिकाची वाटचाल मात्र सोपी नव्हती. वर्गणीदार मोजकेच असल्याने १८९९ मध्ये ते बंद पडले आणि १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने पुन्हा सुरू झाले. सर्जन जनरलच्या ग्रंथालयाचे १९५६ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झाले. 'इंडेक्स मेडिकस'ची जुळणी १९६४ पासून 'मेडलार्स' या संगणकप्रणालीवर होऊ लागली. १९७१ मध्ये दूरसंचार जाळ्यावरून शोध घेण्याची सोय असलेली 'मेडलाइन' सेवा आली. १९९६ मध्ये 'पबमेड' अवतरले आणि १९९७ पासून ते सर्वांना विनामूल्य खुले झाले. छापील मासिकाची गरज सरल्याने २००४ मध्ये त्याचे प्रकाशन थांबले.

आज भारतातील एखाद्या जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरलाही हे भांडार महानगरातील तज्ज्ञाइतकेच सहज उपलब्ध आहे. त्यातील पुरावा पारखून रुग्णासाठी निर्णय घेण्याची जबाबदारी अर्थातच डॉक्टरचीच राहते. मात्र १८६० मध्ये सिनसिनाटीच्या एका विद्यार्थ्याला ज्या शोधासाठी सहा महिने वणवण करावी लागली, तो शोध आता रुग्ण समोर बसलेला असतानाच घेता येतो. ही वणवण पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला येऊ नये, यासाठी त्या विद्यार्थ्याने आयुष्यभर केलेले परिश्रम असे फळाला आले आहेत.