जबलपूरचा पावसाळा आणि सर नेव्हिल चेंबरलेन

स्नूकरच्या टेबलापाशी पांढरे हातमोजे घालून उभा असलेला पंच आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. चेंडू पुसून जागेवर ठेवणे, गुण मोजणे आणि चूक होताच ती जाहीर करणे, एवढेच त्याचे काम. परंतु त्याच्या शब्दापुढे जगज्जेत्यासही मान तुकवावी लागते. ज्या नियमांच्या बळावर हा अधिकार चालतो, त्यांचा आरंभ आपल्याच देशात झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्यांचे जनक म्हणजे सर नेव्हिल फ्रान्सिस फिट्झजेरल्ड चेंबरलेन. म्युनिकचा करार करणारे ब्रिटनचे पंतप्रधान ते हे नव्हेत.

त्यांचा जन्म १३ जानेवारी १८५६ रोजी झाला. १८७३ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले आणि डेव्हनशायर पलटणीबरोबर जबलपूरास आले. १८७५ चा पावसाळा. बाहेर संततधार, आणि घरापासून हजारो मैल दूर असलेल्या तरुण अधिकाऱ्यांपुढे लांबलचक दुपार! मेसमधील बिलियर्डच्या टेबलावर पंधरा तांबडे चेंडू व एक काळा घेऊन ‘ब्लॅक पूल’ नावाचा खेळ चाले. चेंबरलेन यांनी त्यात आणखी रंगीत चेंडू मिळविले. पुढे एका पाहुण्या अधिकाऱ्याकडून कळले, की वुलिच येथील सैनिकी विद्यालयात नवशिक्यास ‘स्नूकर’ म्हणतात. सोपा चेंडू चुकलेल्या एका सोबत्यास चेंबरलेन यांनी त्याच नावाने हिणविले. मात्र तो दुखावू नये म्हणून, या खेळात आपण सारेच नवशिके आहोत, अशी पुस्तीही जोडली. थट्टेतले ते नाव खेळास कायमचे चिकटले.

पुढे चेंबरलेन सर फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या हाताखाली अफगाण युद्धात गेले आणि १८८० मध्ये कंदाहारच्या लढाईत जखमी झाले. रॉबर्ट्स १८८१ मध्ये मद्रास फौजेचे सरसेनापती झाले. त्यांच्यासमवेत चेंबरलेन यांचा मुक्काम उटकमंडला होऊ लागला. तेथील क्लबात स्नूकरचे नियम रीतसर लिहून खोलीत लावण्यात आले. १८८५ मध्ये कलकत्त्यास, कूचबिहारच्या महाराजांच्या भोजनप्रसंगी, विख्यात बिलियर्डपटू जॉन रॉबर्ट्स यांना त्यांनी स्वतः हा खेळ समजावून दिला.

१९०० मध्ये ते आयर्लंडच्या शाही पोलीस दलाचे प्रमुख झाले. १९०३ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. वैभवाचा कळस गाठलेल्या या सेवेचा शेवट मात्र कटू झाला. आयरिश स्वयंसेवकांच्या हालचालींचे अहवाल त्यांचे दल वरिष्ठांकडे धाडीत होते. तरीही १९१६ च्या ईस्टरमध्ये डब्लिनला उठाव झालाच. वरिष्ठांनी राजीनामे दिले आणि त्याच वर्षी चेंबरलेन यांनाही पद सोडावे लागले. धाडलेल्या अहवालांचे वरती काय होते, हे सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्यांस निराळे सांगावयास नको.

इकडे खेळ वाढतच होता. १९२७ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली व जो डेव्हिस विजेते ठरले. खेळाच्या उगमाविषयी मात्र नाना तर्क चालले होते. ते ऐकून १९३८ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, चेंबरलेन यांनी ‘द फील्ड’ या नियतकालिकास पत्र लिहून जबलपूरची हकीकत कळविली. वर्षभराने लेखक कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी तिला पुष्टी दिली आणि वाद बहुतांशी मिटला. साठांहून अधिक वर्षे या गृहस्थांनी आपल्या श्रेयासाठी शब्द काढला नव्हता! २८ मे १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

ज्या डब्लिनमध्ये त्यांच्या कारकिर्दीवर पडदा पडला, तेथेच १९८४ मध्ये ओम अग्रवाल या भारतीयाने जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा जिंकली. चेंबरलेन यांच्या मोहिमा, किताब आणि पदे आता इतिहासाच्या ग्रंथांत शोधावी लागतात. परमुलखात, रिकाम्या दुपारी, चार सोबत्यांचे मन रमावे म्हणून त्यांनी जे केले, ते मात्र आजही जगभर नित्य खेळले जाते. आपली मंडळेही अशाच दुपारी चार घरांनी एकत्र येऊन उभी राहिली, याची आठवण या सुवर्णमहोत्सवी वर्षी झाल्यावाचून राहत नाही.