मगनवाडीची मधमाशी आणि कुमारप्पा

मैत्रिणींनो, तुमच्या परसातल्या कोहळ्याच्या वेलाला फुलं भरपूर येतात, पण फळच धरत नाही, असं कधी झालंय का? बचत गटाच्या कामानिमित्त वर्धा रोडवरच्या गावांत जाते, तेव्हा हे गाऱ्हाणं बरेचदा कानावर येतं. नर फुलातले पराग मादी फुलापर्यंत नेणारी मधमाशी फिरकलीच नाही, तर फळ धरणार कसं? काही जणी तर सकाळी नर फूल तोडून स्वतःच्या हाताने मादी फुलावर टेकवतात. म्हणजे मधमाशीचं कामही आता बाईनेच करायचं!

अशा वेळी मला आठवतात जे. सी. कुमारप्पा. याच मातीत राहून त्यांनी मधमाशीकडे बोट दाखवत अर्थशास्त्र शिकवलं.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतल्या तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात झाला. तेव्हाचं त्यांचं नाव जोसेफ कॉर्नेलियस. लंडनला हिशेबनिसाचं उच्च शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय थाटला. सुटाबुटात राहणारा, टापटिपीचा माणूस! पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकताना त्यांनी भारताच्या सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. आपला देश गरीब नाही, तो गरीब केला गेलाय, हे आकड्यांतूनच त्यांच्या लक्षात आलं आणि आयुष्याची दिशाच बदलली. घराण्याचं जुनं कुमारप्पा हे नाव त्यांनी पुन्हा लावलं.

१९२९ साली ते साबरमतीला गांधीजींना भेटायला गेले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. तेच गांधीजी, हे कुमारप्पांना आधी कळलंच नाही. कळल्यावर मात्र तेही कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी जमिनीवर बसले. ते कायमचेच! पुढे खादी अंगावर आली. लग्न त्यांनी केलंच नाही. संसार केला तो खेड्यांचा.

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी आपली बाग संघाला दिली, तीच मगनवाडी. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद यांच्याबरोबर तिथे मधमाशीपालनही शिकवलं जाई. रानातलं मोहोळ उतरवायची आपली जुनी पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. धूर करायचा, माश्या जाळायच्या, पोळं पिळून काढायचं. मधाबरोबर पिल्लंही चिरडली जातात. पेटीत माश्या पाळल्या, की पोळं न मोडता मध काढता येतो आणि त्यांचं घरही शाबूत राहतं.

१९४२ च्या आंदोलनानंतर कुमारप्पा तुरुंगात गेले. तिथेच त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक लिहिलं. ते १९४५ साली प्रसिद्ध झालं. टिकाऊ अर्थव्यवस्था कोणती, हे त्यांनी त्यात अगदी घरगुती उदाहरणांनी सांगितलंय. माकड आमराईत शिरतं आणि फळं खाऊन जातं. त्या झाडासाठी मात्र ते काहीच करत नाही. ही झाली ओरबाडण्याची रीत. मधमाशी एकटीसाठी नाही, तर सगळ्या मोहोळासाठी राबते. ही समूहाची रीत. सगळ्यात वर त्यांनी ठेवली ती पिल्लांना चारा भरवणारी पक्षीण, परतफेडीची वाट न पाहणारी. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नकोच, नाही का?

स्वातंत्र्यानंतर कुमारप्पांनी वर्धा जिल्ह्यातच सेलडोहला पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. रासायनिक खत आणि ट्रॅक्टर यांना त्यांचा विरोध होता. ट्रॅक्टर शेण देत नाही, हा त्यांचा साधा हिशेब. तेव्हा लोक त्यांना जुन्या वळणाचे म्हणून हसले. शेवटी तमिळनाडूतल्या कल्लुपट्टीला ते राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, बापूंच्याच पुण्यतिथीला, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या मागे काय झालं, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. कपाशीवर मावा आला, तुडतुडे आले, बोंडअळी आली, की फवारणी. विषाला आपण ‘औषध’ म्हणतो, त्यामुळे भीतीही वाटत नाही. इमिडाक्लोप्रिड, थायमेथॉक्झाम ही नावं कृषी केंद्रात रोज ऐकू येतात. ही कीटकनाशकं झाडाच्या अंगात भिनतात आणि त्यांचा अंश फुलातल्या रसात व परागातही उतरतो. मधमाशी तो रस घेते. ती जागेवर मेली नाही, तरी तिच्या मेंदूवर परिणाम होतो आणि ती घरची वाट चुकते. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली माश्यांच्या पाठीवर बारीक खुणा चिकटवून हे दाखवून दिलं. युरोपीय संघाने २०१३ साली यातल्या तीन कीटकनाशकांवर बंधनं घातली आणि २०१८ साली उघड्या शेतात त्यांचा वापर थांबवला.

आणि हे विष माश्यांपाशी थांबतं थोडंच? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. कितीतरी बाया कमरेपर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत डोक्यावर पाणी वाहून फवारणीचे पंप भरतात. माशी नाहीशी होते, तेव्हा तो आपल्यालाही इशाराच असतो.

मग काय, फवारणी बंद करायची? कर्ज डोक्यावर असलेल्या घराला असं सांगायचा मला अधिकार नाही. पण घरात दोन शब्द तर आपण बोलू शकतो. पीक फुलावर असताना शक्यतो फवारू नका. फवारायचंच झालं, तर संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर. आधी किडी मोजा, मग डबा उघडा. बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा. पाच किलो निंबोळीचा अर्क शंभर लिटर पाण्यात, हा उपाय सुरुवातीलाच करून पाहा. निंबोळ्या वेचणं, वाळवणं, कुटणं हे काम बचत गटालाही जमण्यासारखं आहे. बांधावर तीळ, सूर्यफुलाची एखादी ओळ ठेवा, तिथे मात्र फवारू नका. शेजारी कुणाकडे मधाच्या पेट्या असतील, तर फवारणीच्या आदल्या दिवशी त्यांना निरोप द्या. आणि फवारणाऱ्याला नाका-तोंडावर फडकं, पायात बूट, हातमोजे यांशिवाय शेतात जाऊ देऊ नका.

कुमारप्पा हाडाचे हिशेबनीस होते. हिशेबात काय घेतलं आणि काय परत दिलं, हे दोन्ही लिहावं लागतं. कोहळ्याच्या वेलापाशी उभ्या राहाल, तेव्हा मधमाशीचा रकाना आठवा. ती फुलातून थेंबभर रस नेते आणि आपल्याला अख्खं फळ देऊन जाते. आपण तिला काय परत देतोय, एवढंच एकदा आपल्याही वहीत लिहून पाहूया!